नेपाळचे बेपत्ता आणि करारात नसलेली गावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन पेटले, संसद, सिंहदरबार हे सचिवालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या इमारती जळाल्या, पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याकडे हंगामी सरकारची सूत्रे आली, तेव्हा आपल्या दैनिकाने नेपाळला सलग काही दिवस चांगली जागा दिली. तो मजकूर मी मन लावून वाचला. मात्र १९९६ ते २००६ या दहा वर्षांत त्या देशाने सरकार आणि माओवादी बंडखोर यांच्यातली जी यादवी भोगली, तिचा निर्देश त्यात एका वाक्यात उरकलेला होता, आणि तोही राजेशाही कशी गेली हे सांगण्यापुरता. ज्या करारामुळे ती यादवी थांबली त्याला २१ नोव्हेंबर २०२५ रोजी १९ वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने, राजधानीच्या बातम्यांत सहसा न येणाऱ्या नेपाळी खेड्यांविषयी चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे; आवश्यक वाटेल तेथे आपण कात्री लावावी.

सर्वसमावेशक शांतता करार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कागदावर सरकारच्या वतीने गिरिजाप्रसाद कोइराला यांची आणि माओवाद्यांच्या वतीने त्यांचे प्रमुख नेते प्रचंड (पुष्पकमल दाहाल) यांची सही आहे. युद्धकाळात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता केल्या गेलेल्या व्यक्तींची माहिती ६० दिवसांच्या आत जाहीर करण्याचे त्यात दोन्ही बाजूंनी मान्य केले होते. ही मुदत जानेवारी २००७ मध्ये संपली. त्यानंतर नेपाळात राजेशाही संपली, नवे संविधान आले, प्रचंड तीन वेळा आणि त्यांचे माओवादी सहकारी बाबुराम भट्टराई एकदा पंतप्रधान झाले, जुन्या पक्षांचे नेतेही आळीपाळीने त्या खुर्चीवर बसले; बेपत्ता माणसांच्या घरच्यांना मात्र त्या ६० दिवसांत मिळायचे उत्तर आजही मिळालेले नाही. माझ्या मते याचे कारण नेपाळच्या गरिबीत किंवा प्रशासनाच्या ढिलाईत शोधण्यात अर्थ नाही. करार दोन सशस्त्र पक्षांनी केला, दोघांचेही हात रक्ताने माखलेले होते, आणि ज्यांच्या घरातली माणसे गेली ते गावकरी त्या करारात पक्ष म्हणून कोठेच नव्हते. जुने उकरून न काढण्यात सह्या करणाऱ्या दोघांचेही हित होते, आणि पुढे ते दोघे एकमेकांच्या सरकारांत भागीदारही झाले.

युद्धाची पार्श्वभूमी बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये बाबुराम भट्टराई यांनी पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांना ४० मागण्यांचे निवेदन दिले आणि १३ फेब्रुवारीला रोल्पा, रुकुम, गोरखा, सिंधुली या भागांत पोलीस चौक्यांवरील हल्ल्यांनी ‘जनयुद्धा’ला तोंड फुटले. जमीन कसणाऱ्याची असावी, अस्पृश्यता संपावी, मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळावा, अशा त्यातल्या कितीतरी मागण्या कोणाही विचारी माणसाला पटाव्यात अशा होत्या, हे मान्य केलेच पाहिजे. त्या मागण्यांसाठी बंदूक उचलणाऱ्यांनी ज्यांच्या नावाने ती उचलली त्यांच्याशीच पुढे काय केले, तेही विसरता येत नाही. पहिली काही वर्षे लढाई पोलीस आणि माओवादी यांच्यात होती. नोव्हेंबर २००१ मध्ये दाङ जिल्ह्यातल्या सैनिकी तळावर हल्ला झाला, आणीबाणी पुकारली गेली, शाही सेना मैदानात उतरली आणि मृतांची संख्या एकदम चढली. दहा वर्षांत सुमारे १७ हजार माणसे मेली असे सरकारी आकडे सांगतात. यातील अधिक माणसे सुरक्षा दलांच्या हातून मेली, यावर बहुतेक मानवाधिकार संस्थांचे एकमत आहे. बेपत्ता झालेल्यांची संख्या १,३००च्या वर आहे. २००३ आणि २००४ या दोन वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाकडे जगभरातून बेपत्ता व्यक्तींची जी नवी प्रकरणे आली, त्यांत सर्वाधिक नेपाळमधली होती. त्या काळात इराक आणि काश्मीर यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे कळले असेल?

डोंगरातल्या गावात ही लढाई रणांगणावरच्या लढाईसारखी नव्हती. रात्री माओवाद्यांची तुकडी दार ठोठावी, दहा-पंधरा माणसांचे जेवण आणि झोपायला जागा मागे. नाही म्हणण्याची सोय नसे. सकाळी शाही सेनेची गस्त येई आणि रात्री चूल कोणासाठी पेटली होती ते विचारी. पहिल्यांना जेवू घातले म्हणून दुसऱ्यांनी मारावे आणि दुसऱ्यांशी बोलताना कोणी पाहिले म्हणून पहिल्यांनी ‘सुराकी’, म्हणजे खबऱ्या, ठरवून हातपाय तोडावेत, असा तो फेरा होता. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली भागातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. साध्या वस्तूसुद्धा संशयाच्या झाल्या. माओवादी प्रेशर कुकरचे बाँब करीत म्हणून कुकर नेणाऱ्याची झडती. ते गोल्डस्टारचे स्वस्त कॅनव्हासचे बूट घालत म्हणून तसे बूट घातलेला कोणताही पोरगा संशयित. बंडखोरांना रसद मिळू नये म्हणून तांदूळ, बॅटरीचे सेल, पाकिटातल्या नूडल्स जिल्ह्याच्या बाजारातून वर नेण्यावर निर्बंध. वर्षातले काही महिनेच पुरेल इतके धान्य ज्यांच्या शेतात पिकते, त्या कर्णालीकडच्या कुटुंबांच्या दृष्टीने तांदळाच्या पिशवीवरचा हा पहारा म्हणजे उपासमारच होती.

माओवाद्यांचा कारभारही हलका नव्हता. ‘एका घरातून एक जण’ या न्यायाने तरुण मुले-मुली मागितली जात. शाळेतून वर्गच्या वर्ग उचलून राजकीय शिबिराला नेले जात. त्यांतले बहुतेक जण काही दिवसांनी परतत, काही जण तिकडेच राहत. रोल्पात नुवागाव ते थबाङ असा ९१ किलोमीटरचा ‘शहीद मार्ग’ खोदायला गावोगावची माणसे पाळीपाळीने आणली गेली आणि ती कुदळ-फावड्यानेच डोंगर फोडत राहिली. शिक्षकांच्या पगारातून चंदा वसूल होई. मी स्वतः शिक्षकी पेशात आयुष्य घालवले, म्हणून असेल, पण लमजुङ जिल्ह्यातले मुख्याध्यापक मुक्तिनाथ अधिकारी यांची हकीकत माझ्या मनातून जात नाही. जानेवारी २००२ मध्ये त्यांना शाळेतून नेऊन झाडाला बांधून मारण्यात आले, आणि त्या अवस्थेतले त्यांचे छायाचित्र पुढे या युद्धाची जणू ओळख बनले. दुसऱ्या बाजूने सैन्याच्या हातून मेलेल्या शिक्षकांचीही यादी लहान नाही. दोन्ही बाजूंना गावात लिहितावाचता येणारा माणूस नकोसा झाला होता, असेच म्हणावे लागते.

‘चकमकीत इतके दहशतवादी ठार’ या छापाच्या बातम्यांखाली काय दडलेले असे, त्याचे उदाहरण द्यायचे तर कालिकोट जिल्ह्यातल्या कोटबाडा या ठिकाणाचे द्यावे लागेल. तेथे विमानतळाच्या धावपट्टीचे काम चालू होते. २४ फेब्रुवारी २००२ रोजी शाही सेनेने तेथे ३५ मजूर मारले. आठवडाभर आधी शेजारच्या अछाम जिल्ह्यात मंगलसेन येथे माओवाद्यांनी मोठा हल्ला केला होता, त्यांच्या मागावर ही तुकडी होती. मेलेल्यांपैकी १७ जण कित्येक डोंगर ओलांडून धादिङ जिल्ह्यातल्या जोगीमारा या एकाच गावातून मजुरीसाठी आलेले होते. ज्या गावातून १७ कमावती माणसे एका दिवशी जातात, त्या गावाच्या पुढच्या पेरणीचे काय झाले असेल याची कल्पना शेतकरी वाचकांनी करावी. माओवाद्यांच्या बाजूचेही असेच उदाहरण आहे. ६ जून २००५ रोजी चितवन जिल्ह्यातल्या माडी भागात त्यांनी रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांवरून प्रवाशांनी खच्चून भरलेली बस गेली. बसमध्ये काही सैनिकही होते, म्हणून हा स्फोट घडवला गेला. मेलेल्या ३८ जणांत बहुतेक बाजाराला निघालेले सामान्य लोक होते. ही चूक झाली, असे माओवादी नेतृत्वाने नंतर सांगितले.

बेपत्ता माणसांच्या बाबतीत सर्वाधिक होरपळलेला जिल्हा म्हणजे भारताच्या सीमेला लागून असलेला बर्दिया. तेथील थारू समाज पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांकडे वेठबिगारी करीत आला होता. ‘कमैया’ म्हणून ओळखली जाणारी ही प्रथा बंद केल्याचे सरकारने जुलै २००० मध्ये जाहीर केले, मात्र मुक्त झालेल्या अनेक कुटुंबांना जमीन मिळाली नाही. अशा समाजात माओवाद्यांना सहानुभूती मिळाली यात नवल नव्हते, आणि सगळे थारू माओवादी आहेत असा ग्रह करून घेणे सैन्यालाही सोयीचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २००८च्या डिसेंबरात या जिल्ह्यातल्या १७० बेपत्ता व्यक्तींच्या प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतली बहुतांश प्रकरणे सुरक्षा दलांच्या नावावर होती, थोडी माओवाद्यांच्या. जिल्ह्याच्या लोकसंख्येत थारू निम्म्याच्या आसपास असताना बेपत्तांत त्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक भरले. जमिनीवरून ज्यांच्याशी वाद होता, अशांची नावे वरच्या वर्गाने सैनिकांना पुरवल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. युद्धाच्या आड गावातली जुनी भांडणे कशी निकालात निघतात, हे आपल्या इकडच्या भाऊबंदकीच्या जाणकारांना सहज उमगेल.

माणूस मेला तर निदान रडता येते. बेपत्ता माणसाच्या बायकोला तेही करता येत नाही, आणि याच मुद्द्यावर मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण युद्ध संपल्यावर जे नुकसान वाढत गेले ते येथेच. नेपाळच्या डोंगरात आणि तराईत सवाष्ण बाई लाल वस्त्र, सिंदूर, गळ्यात ‘पोते’ म्हणजे मण्यांची माळ आणि हातात चुडे घालते. नवरा बेपत्ता झाल्यावर तिने हे सारे उतरवावे की नाही, यावर तिचे सासर, तिचे माहेर आणि सगळे गाव मत देऊ लागते. ठेवले, तर नवरा नसताना नटते म्हणून बोल. उतरवले, तर नवऱ्याला स्वतःच्या हाताने मारले म्हणून बोल. काही कुटुंबांनी अखेरीस कुशाचा पुतळा करून क्रिया उरकली. आपल्याकडे देह न सापडलेल्या माणसाचा पालाशविधी करतात, त्यातलाच हा प्रकार. अनेकांनी मात्र तोही केला नाही, कारण देह दिसल्याखेरीज तेरावे घालायला त्यांचे मन तयार होईना.

कागदाच्या बाजूने पाहिले तर हा पेच आणखी घट्ट आहे. एखादी व्यक्ती बारा वर्षे सापडली नाही तरच तिला मृत मानावे, असा नेपाळी कायद्याचा सर्वसाधारण दंडक. तोवर जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. ती विकून मुलांचे शिक्षण करावे, आजारपण निभावावे, तर बाईच्या सहीला किंमत नाही. मुले सोळा वर्षांची झाली की त्यांना नागरिकत्वाचा दाखला काढावा लागतो. तो नसेल तर परीक्षा, नोकरी, बँकेचे खाते, पासपोर्ट सगळे अडते, आणि तो काढायला व्यवहारात बापाचे कागद किंवा बापाकडचा नातेवाईक साक्षीला मागितला जाई. दीर जमिनीवर डोळा ठेवून असेल तर तो साक्षीला कशाला येईल? सरकारने ‘अंतरिम राहत’ म्हणून मृत आणि बेपत्ता अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना टप्प्याटप्प्याने १० लाख नेपाळी रुपये दिले, आपल्या चलनात सव्वासहा लाखांच्या आसपास. ही रक्कम घेतल्यावर आता शोधाशोध संपली असे सरकार समजेल, या भीतीने काही घरांत सासू आणि सून यांच्यात फूट पडल्याचे त्या भागात काम केलेल्या संस्थांनी नोंदवले आहे. ज्या बायकांवर अत्याचार झाले आणि ज्यांचा कोठडीत छळ झाला, त्यांना तर या राहतीतून सरळ वगळले गेले. बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत झाली पाहिजे, असा नेपाळचा त्या वेळचा कायदा होता. गावातल्या पोलीस चौक्या उठून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेल्या, रस्ता दोन-तीन दिवसांचा, आणि अपराधी कधी वर्दीतला तर कधी माओवाद्यांच्या ‘जनसरकार’चा, अशा बाईने ३५ दिवसांत कोणाच्या दारात जायचे होते, हे तो कायदा ठेवणाऱ्यांनी कधी सांगितले नाही.

पुरुष गेल्यामुळे शेतीचीही घडी मोडली. मेलेले आणि बेपत्ता झालेले यांच्याहून कितीतरी अधिक पुरुष केवळ भीतीने गाव सोडून गेले होते. पश्चिम नेपाळात बाईने नांगर धरणे किंवा घराचे छप्पर शाकारणे अशुभ मानले जाई. माणसेच उरली नाहीत तेव्हा बायकांनी दोन्ही कामे केली, आणि काही गावांत प्रेताला खांदाही दिला. याकडे स्त्रीमुक्तीची पहाट म्हणून पाहणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. रूढी मोडली हे खरे, पण ज्या परिस्थितीने ती मोडायला लावली तिचे कौतुक मला करवत नाही.

गाव सोडलेली ही माणसे कोठे गेली, याचे उत्तर आपल्या दाराशीच आहे. नेपाळगंजजवळची रुपैडीहा आणि महेंद्रनगरजवळची बनबसा ही नाकी ओलांडून ती दिल्ली, बेंगळुरू, मुंबई आणि पुढे कोकणात आली. ही वाट जुनी आहे, अछाम आणि डोटीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राखणदारी करीत आली आहेत. युद्धाच्या वर्षांत मात्र तिच्यावरची गर्दी अनेक पटींनी वाढली. दिवाळी सरली की रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या कलमांच्या बागांत नेपाळी कामगार येतात, मांगरात राहून फवारणी, बेणणी आणि राखण करतात, झेल्याने आंबा उतरवतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. बंदरांत ट्रॉलरवर खलाशी म्हणूनही तेच असतात. आमच्या बागेत काही हंगाम काम केलेल्या एका थारू गृहस्थांनी मला सांगितले की, त्यांच्या काकांना सैनिकांनी घरातून नेले त्यानंतर त्यांची आजी चौकशीसाठी सरकारी कचेरीत गेली, तेव्हा ‘गेला असेल मुंबईला, येईल पैसे घेऊन’ असे उत्तर तिला मिळाले. बर्दियातला माणूस मुंबईला जाणे इतके रोजचे होते की त्या उत्तराला खोटे ठरवणेही सोपे नव्हते. घरच्या कोणी ना कोणी पुढची कित्येक वर्षे मुंबईला जाणाऱ्या गाववाल्यांकडे त्या काकांची चौकशी करीत राहिले. आम्ही बागायतदार या कामगारांची नावे आणि छायाचित्रे पोलीस ठाण्यात नियमाप्रमाणे नोंदवतो आणि चोरीमारी झाली की पहिला संशय त्यांच्यावर घेतो. त्यांच्या गावात काय घडून गेले हे विचारायचे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना सुचते.

न्यायाच्या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने १ जून २००७ रोजी बेपत्ता व्यक्तींच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याचा आणि माणसे गायब करणे हा गुन्हा ठरवणारा कायदा करण्याचा आदेश दिला. आयोग आले ते २०१५ मध्ये, एक सत्यशोधनाचा आणि एक बेपत्तांचा. पहिल्याकडे सुमारे ६३ हजार आणि दुसऱ्याकडे तीन हजारांहून अधिक तक्रारी आल्या. तक्रारी नोंदवून घेण्यापलीकडे काम फारसे सरकले नाही, मुदती वाढत राहिल्या, आणि २०२२ पासून जवळपास तीन वर्षे दोन्ही आयोगांवर माणसेच नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मे २०२५ मध्ये नवे पदाधिकारी नेमले गेले; पीडितांच्या संघटनांनी त्या निवडीवर पहिल्याच दिवसापासून आक्षेप घेतले. न्यायालयाच्या निकालांचे काय होते, याचा नमुना काभ्रे जिल्ह्यातल्या मैना सुनुवार या पंधरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात दिसतो. फेब्रुवारी २००४ मध्ये सैनिक तिच्या आईला पकडायला आले, आई घरी नव्हती म्हणून मुलीला घेऊन गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी जेथे सैनिक तयार केले जातात त्या प्रशिक्षण केंद्रात छळ होऊन ती मेली. सैनिकी न्यायालयाने अधिकाऱ्यांना सहा महिन्यांच्या कैदेवर सोडले. तिच्या आईने, देवी सुनुवार यांनी, पिच्छा सोडला नाही, आणि २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तिघा अधिकाऱ्यांना जन्मठेप सुनावली. सुनावली तेव्हा तिघेही गैरहजर होते. माओवाद्यांनी मारलेल्यांच्या वाट्याला काही वेगळे आले नाही. गोरखा जिल्ह्यातले नंदप्रसाद अधिकारी यांच्या मुलाला २००४ मध्ये चितवनात मारले गेले. न्यायासाठी पती-पत्नी काठमांडूत उपोषणाला बसले, सुमारे अकरा महिन्यांच्या उपोषणानंतर २२ सप्टेंबर २०१४ रोजी नंदप्रसाद गेले, आणि न्याय मिळेपर्यंत अंत्यसंस्कार नको, या पत्नी गंगामाया यांच्या निर्धारामुळे त्यांचा देह वर्षानुवर्षे शवागारात पडून राहिला. या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२० मध्ये प्रचंड यांनी एका जाहीर सभेत १७ हजारांपैकी पाच हजार मृत्यूंची जबाबदारी आपण घेतो, बाकीची राजाच्या सरकारची, असे म्हटले. गहाळ मालाची भरपाई दोन व्यापाऱ्यांनी वाटून घ्यावी तसा तो सूर होता.

आपण या प्रकरणात तिऱ्हाईत होतो, असेही मानू नये. शाही सेनेच्या हातातल्या कितीतरी रायफली भारताने सवलतीत दिलेल्या होत्या, त्याच वर्षांत माओवादी नेते भारतातच आश्रयाला होते, आणि राजाच्या विरोधात एकत्र येण्याचा त्यांचा आणि सात पक्षांचा बारा कलमी समझोता नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीत झाला. त्या समझोत्यामुळे युद्ध थांबले, याचे श्रेय दिल्लीला जरूर द्यावे. पण दोन्ही पक्षांवर इतके वजन असलेल्या शेजाऱ्याने ६० दिवसांच्या त्या अटीची आठवण त्यांना करून दिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आता आपल्याकडे दोन विनंत्या. नेपाळात मार्च २०२६ साठी निवडणूक जाहीर झाली. तिच्या वार्तांकनासाठी आपला प्रतिनिधी गेला, तर त्याने काठमांडूबरोबर बर्दियालाही जावे. लखनौहून रस्त्याने रुपैडीहा आणि पलीकडे नेपाळगंज, तेथून हा जिल्हा लागूनच आहे. नवे पक्ष आणि तरुण उमेदवार भ्रष्टाचाराविषयी पुष्कळ बोलत आहेत. बेपत्तांच्या यादीविषयी त्यांचे काय म्हणणे आहे, हे त्यांना कोणी तरी विचारायला हवे. त्यांच्यातले बरेच जण करार झाला तेव्हा शाळकरी पोरे होते, त्यामुळे झाकण्यासारखे त्यांच्याजवळ काही नसावे. दुसरी विनंती कोकण आवृत्तीपुरती आहे. बागांत आणि बंदरांत आलेल्या नेपाळी कामगारांपैकी ज्यांच्या घरचे कोणी बेपत्ता आहे, त्यांच्या हकीकती त्यांची नावे न छापता आपण घ्याव्यात. हे लोक पुढच्या मेअखेरपर्यंत येथेच आहेत. आपल्या वार्ताहरांना त्यांची भेट घ्यायची असल्यास, आणि त्यांची स्वतःची तयारी असल्यास, आमच्या भागातले आम्ही काही बागायतदार ती जुळवून देऊ. दुभाष्याची गरज पडणार नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्यातले पुष्कळ जण मराठी चांगले बोलू लागले आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व आंबा बागायतदार,
रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)